हरल्यावरचं शहाणपण

२८ मार्च १९९२. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेचा सामना. केंटकीचा संघ ड्यूकपेक्षा एका गुणाने पुढे, उरले फक्त २.१ सेकंद. केंटकीचे प्रशिक्षक रिक पिटिनो यांनी चेंडू आत टाकणाऱ्या ग्रँट हिलसमोर कुणालाच उभं केलं नाही. दोघांना ख्रिश्चन लेटनरपाशी ठेवलं. हिलने लांबून चेंडू फेकला, लेटनरने बास्केट केली. ड्यूक १०४-१०३ ने जिंकलं.

झालं! ‘फेकणाऱ्याला मोकळं सोडलंच कसं?’ हे आजही विचारलं जातं. अहो, पण त्या सामन्यात लेटनरचा एकही नेम चुकला नव्हता! त्याच्यावर दोघं ठेवणं हा काय वेडेपणा? प्रश्न जरूर विचारावा, पण निर्णय घेताना समोर काय दिसत होतं, तेही बघावं. याच पिटिनोंनी १९९६ मध्ये केंटकीला विजेतेपद मिळवून दिलं.

आपल्याकडेही मुलाला बारावीला गुण कमी पडले, की ‘मी तरी सांगतच होतो’ म्हणणारे दहाजण निघतात. शाखा निवडताना मात्र सगळे गप्प! आणि बोल लागतो आईला. अशा वेळी शांतपणे एवढंच विचारावं, ‘तेव्हा तुम्ही काय सुचवलं होतंत?’