मोटारीपासून दवाखान्यापर्यंत



कापसाचा भाव, कर्ज, वीज यांवर या पानात आम्ही वर्षानुवर्षे लिहीत आलो. आजच्या प्रश्नाला मोर्चा लागत नाही की निवेदन लागत नाही. विजेचा झटका बसून माणूस मोटारीपाशी पडला, तर दवाखाना येईपर्यंत त्याला धरून कोण ठेवणार?

हा प्रश्न आम्हाला एका विहिरीवर पडला. रात्रीच्या विजेची पाळी, हरभऱ्याला पाणी, ओल्या हातांनी उघडलेली स्टार्टरची पेटी. पोरगा पडला. कोणीतरी फ्यूज काढले, एवढे बरे. मग जमलेल्या पंधरा-वीस जणांनी ठाऊक होते ते सगळे केले. तळपाय चोळले, नाकाला कांदा लावला, तोंडात पाणी ओतले. पोरगा मधूनच आचका देई, की सगळे म्हणत, ‘आहे, श्वास आहे!’ मग बाजेवर घालून रस्त्यापर्यंत, तिथून जीप. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासले आणि मान हलवली. आम्ही त्या गर्दीत होतो. कृषी पदवीधर! कोणते औषध पंपाला किती घालायचे हे झोपेतही सांगू शकणारे. हात कुठे ठेवायचे ते मात्र ठाऊक नव्हते.

त्या उपायाला डॉक्टर सी.पी.आर. म्हणतात. गंमत अशी, की त्याचे मूळ विजेच्या झटक्यातच आहे. अमेरिकेत तारांवर काम करणारे कामगार झटक्याने मरत, म्हणून वीज कंपनीच्या पैशातून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात संशोधन सुरू झाले. ते करणारे विल्यम कौवेनहोवन डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंते होते. कुत्र्यावर प्रयोग चालू असताना त्यांच्या सहकाऱ्याच्या ध्यानात आले, की यंत्राची टोके छातीवर नुसती जोराने दाबली तरी रक्तदाब चढतो. छाती न फाडता, दोन हातांनी रक्त फिरते ठेवता येते, हे त्यांनी १९६० साली जगापुढे मांडले. तारेवर मरणाऱ्यासाठी तिकडे कंपनीने खर्च केला. आमच्या विहिरीवर मरणाऱ्याच्या वाट्याला पंचनामा. असो.

आधी वीज तोडा, मगच अंगाला हात लावा. तार तुटून पडली असेल तर लाइन बंद होईपर्यंत जवळ जाऊ नका. मग खांदे हलवून हाक मारा. उत्तर नाही आणि श्वास नाही, किंवा नुसते आचके आहेत, तर हृदय थांबले असे धरा. आचका म्हणजे श्वास नव्हे. त्या रात्री आम्ही फसलो ते इथेच. एकाने १०८ ला फोन करावा, दुसऱ्याने लगेच कामाला लागावे. माणूस बाजेवर नको, कठीण जमिनीवर उताणा हवा. बाजेवर दाबले तर बाज दबते, छाती नाही. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्यावर तळहाताचा मनगटाकडचा भाग ठेवा, त्यावर दुसरा हात, कोपरे ताठ. दाब पाच ते सहा सेंटिमीटर, म्हणजे साधारण आडवी तीन बोटे. मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर वेळी छाती पुरती वर येऊ द्यायची. तीस दाब झाले की मान मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन फुंकरा. फुंकर शिकलेली नसेल तर नुसते दाबत राहा. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नका. दोन मिनिटांत धडधाकट गडीही थकतो, तेव्हा माणूस बदला.

फवारणीच्या विषबाधेत फुंकर देऊ नका, विष तुमच्या तोंडात येईल. भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुणे आणि औषधाचा डबा दवाखान्यात नेणे विसरू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने वीसच्या वर माणसे गेली, ते आपण विसरलेलो नाही. वीज अंगावर पडलेल्या माणसात करंट राहत नाही. त्याला शेणात पुरू नका, हात लावा. चार जण पडले असतील तर कण्हणाऱ्याला थोडे थांबवून निपचित पडलेल्याकडे आधी धावा.

हे सगळे नीट केले तरी पुष्कळ माणसे परत येत नाहीत, खोटे कशाला सांगा? पण रक्त थांबल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदू मरू लागतो, आणि आपल्या पांदणीतून तेवढ्यात कोणतीही गाडी येत नाही.

अग्रलेख वाचून हे येणार नाही. आम्ही एका शिबिरात पुतळ्यावर शिकलो. घाम निघेपर्यंत दाबले, तर शिकवणारी परिचारिका म्हणाली, ‘साहेब, निम्मेसुद्धा दबत नाही.’ जित्या माणसावर मात्र सराव करू नका, छातीला इजा होते.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीचा पहिला तास पुतळ्यांचा. सरकारी योजनेची वाट पाहायची नाही, भाडे आपल्या वर्गणीतून. गावातून दोघे या, त्यातली एक बाई हवीच. वेचणीच्या दिवसांत शिवारात दिवसभर असतात त्या बायाच. पुतळे दोनच आहेत, तेव्हा नऊच्या आत पोचा. भाषणे त्यानंतर.