मेंदूची हजेरी

न्यूयॉर्कच्या एका हायस्कुलात संशोधकांनी १२ विद्यार्थ्यांच्या डोक्याला हलके ईईजी यंत्र लावले आणि सत्रभरात ११ तासिकांना त्यांच्या मेंदूतल्या विद्युत लहरी मोजल्या. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुले वर्गात रमली की त्यांच्या लहरी एकमेकांशी जास्त जुळत होत्या. तासाआधी ज्या दोघांनी दोन मिनिटे एकमेकांच्या डोळ्यांत पाहिले, त्यांच्या तर तासातही अधिक जुळल्या.

वाचून बरे वाटले. मुलांनी आधी एकमेकांना सलाम करावा, खैरियत विचारावी, मगच पुस्तक उघडावे, हा माझ्या वर्गाचा जुना रिवाज. त्यात वेळ वाया जातो असे म्हणणारे सहकारी आहेत. अवघ्या १२ मुलांवरून मोठा दावा करू नये, हे मान्य. पण रिवाज मी सोडणार नाही.

काळजी वेगळीच आहे. २०१९ साली चीनमधल्या एका प्राथमिक शाळेत याच तंत्राच्या पट्ट्या मुलांच्या कपाळावर दिसल्या. कोणाचे लक्ष किती, याचे आकडे शिक्षकांना आणि पालकांना मिळत. लोक संतापले, तेव्हा वापर थांबला.

माझ्या वर्गात एक मुलगा रोज दुसऱ्या तासाला पेंगायचा. घरी गेलो तेव्हा कळले, अब्बांबरोबर तो पहाटे चारला भाजीमंडईत जातो. पट्टीने त्याचे लक्ष कमी दाखवले असते, मंडई दाखवली नसती.

संशोधन जरूर व्हावे. त्यातून आम्ही शिक्षक शहाणे व्हावे. मुलांच्या मेंदूची झडती मात्र नको.