गर्दीतील आपली जागा

चांगले साहित्य वाचावे, चांगले नाटक-चित्रपट पाहावेत, इतिहासापासून बोध घ्यावा, म्हणजे माणूस घडतो, असे आपल्या व्यासपीठांवरून वर्षानुवर्षे सांगितले जाते. वाचनालयाचा वर्धापनदिन असो की शाळेचे स्नेहसंमेलन, हे वाक्य टाळ्या घेऊन जाते. या समजुतीशी आमचे भांडण आहे. ग्रंथ निरुपयोगी आहेत, असे आम्हांला म्हणावयाचे नाही. आमचा आक्षेप वाचकाच्या व प्रेक्षकाच्या एका सवयीवर आहे. कोणतीही कथा समोर आली की आपण मनोमन नायकाच्या नाहीतर पीडिताच्या शेजारी जाऊन बसतो. त्याच्यासाठी डोळे पुसतो आणि डोळे पुसले म्हणजे आपले कर्तव्य पार पडले, असे मानून घरी येतो. प्रत्येक कथेत आणखी एक पात्र असते. ते संख्येने सर्वांत मोठे आणि बोलण्यात सर्वांत कमी असते. ते म्हणजे भोवती उभी असलेली माणसे. आपली खरी जागा बहुधा तेथे असते, आणि तेथे बसावयास कोणी तयार नसतो.

विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे १९६७ सालचे नाटक घ्या. हौशी नाट्यमंडळी वेळ घालविण्यासाठी लटका खटला उभारतात आणि पाहता पाहता लीला बेणारे या शिक्षिकेच्या खाजगी आयुष्याची चिरफाड होते. प्रेक्षक बेणारेबाईंसाठी हळहळतो, काशीकर-सुखात्म्यांवर संतापतो. परंतु त्याच मंडळींत सामंत नावाचा एक सरळ, निरुपद्रवी गृहस्थ आहे. त्याच्या मनात बाईंविषयी काडीचाही आकस नाही. तरीही तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि हातातल्या कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून वाचून दाखवितो, कारण सर्वांनी मांडलेल्या खेळात आपणच कशाला मोडता घालावा! नाट्यगृहातून बाहेर पडताना 'मी सामंत आहे' असे किती जणांना वाटले असेल?

जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला व तेंडुलकरांनीच लिहिलेला 'सामना' १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात दाखविला गेला. त्यातील हिंदुराव धोंडे पाटलाचा दरारा व मास्तरांची चिकाटी यांवर आपल्याकडे भरपूर बोलले गेले. मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले, एवढाच प्रश्न मास्तर गावभर विचारीत फिरतात. हा प्रश्न विचारणारा कोण, तर बाहेरून आलेला, दारूत बुडालेला मनुष्य! शुद्धीवर असलेले सगळे गाव गप्प आहे. आपण मात्र घरी येताना मास्तरांना सोबत आणतो आणि त्या गावाला पडद्यावरच सोडून देतो.

कथा-चित्रपट कल्पित असतात असे कोणी म्हणेल, म्हणून इतिहासाकडे वळू. १३ जुलै १९४२ रोजी पोलंडमधील युझेफूफ या गावी जर्मन राखीव पोलिसांची १०१ क्रमांकाची तुकडी आणण्यात आली. हे सुमारे ५०० लोक हॅम्बुर्ग परिसरातले मध्यमवयीन, घरदार असलेले गृहस्थ होते. गावातील ज्यू स्त्रिया, मुले व वृद्ध यांना गोळ्या घालावयाच्या आहेत, असे त्यांना सांगण्यात आले. त्याच वेळी त्यांचा प्रमुख मेजर ट्रॅप याने एक मुभा दिली : वयाने मोठ्या असलेल्या ज्या कोणाला हे काम झेपणार नाही, त्याने रांगेतून बाहेर यावे. सुमारे १२ जण बाहेर आले. त्यांच्यावर कोणी बंदूक रोखली नाही. उरलेल्यांच्या हातून त्या दिवशी सुमारे १,५०० माणसे मारली गेली. इतिहासकार ख्रिस्तोफर ब्राउनिंग यांनी या तुकडीच्या चौकशीचे कागद तपासून १९९२ साली पुस्तक लिहिले. सोबत्यांपासून वेगळे पडण्याचा, त्यांच्यात भित्रा ठरण्याचा संकोच हे या माणसांच्या वागण्याचे एक मोठे कारण त्यांनी दाखवून दिले. चार लोकांत वाईट दिसेल, या आपल्या रोजच्या वाक्याचे याहून भीषण रूप दुसरे नसेल.

त्याच काळात ऑस्ट्रियातील सांक्त राडेगुंड या खेड्यात फ्रान्झ येगरश्टेटर हा शेतकरी राहत होता. तो आपल्या देवळाची देखभाल करीत असे. हिटलरच्या सैन्यात लढावयास त्याने नकार दिला. पत्नी आहे, लहान मुली आहेत, त्यांचा विचार कर, असे त्याला सांगणाऱ्यांत धर्मगुरूही होते. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. युद्ध संपल्यावरही गावाने त्याचे कौतुक केले नाही, आणि त्याच्या विधवेला निवृत्तिवेतन प्रारंभी नाकारण्यात आले. २००७ साली चर्चने त्याला रक्तसाक्षी म्हणून धन्यवादितांत गणले. आज त्याच्याविषयी ऐकताना आपण लगेच त्याचे आप्त होतो. वस्तुतः आपले नाते त्या गावाशी अधिक जवळचे आहे. झावळ्यांच्या रविवारी प्रभूच्या दुःखसहनाचे वाचन होते तेव्हा जमावाची वाक्ये आपल्या तोंडी दिलेली असतात. निदान त्या एका दिवशी तरी उपासना आपल्याला नायकाच्या शेजारी बसू देत नाही.

आता आपल्या उंबरठ्याच्या आत येऊ. जमिनीचे भाव चढले तसे हक्कसोडपत्र हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार ख्रिस्ती पिता मृत्युपत्र न करता वारला, तर विधवेचा एक तृतीयांश वाटा वगळून उरलेल्या मालमत्तेत मुलगे व मुली यांचा हक्क समान आहे. केरळातील मेरी रॉय यांनी हा समान हक्क मिळविण्यासाठी सर्वोच्च न्यायालय गाठले व १९८६ साली तो मिळविला. आपल्या मुलींना तो न झगडता मिळालेला आहे, आणि तितक्याच सहजपणे तो काढून घेतला जातो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात भाऊ असतात, मामा असतात, शेजारचे वडीलधारे असतात. कागद पुढे सरकविला जातो, बहीण मान खाली घालून सही करते. दोन साक्षीदार त्याखाली आपली नावे लिहितात, आणि मग सर्वजण चहा घेतात. रक्तसाक्षीची स्मृती साजरी करणाऱ्या समाजात साक्षीदार या शब्दाला एवढाच अर्थ उरावा?

ती स्वखुशीने देते, असे यावर सांगण्यात येते. खुशी कशाला म्हणावे? नाही म्हणण्याची किंमत मोजावी लागणार नसेल, तरच होकाराला मोल असते. नकार दिला तर माहेरचा दरवाजा बंद होईल, आई आजारी असताना भेटावयास येता येणार नाही, हे जिला ठाऊक आहे, तिच्या सहीला खुशी म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. तिच्या लग्नात खर्च केला होता, असाही हिशेब मांडला जातो. भावाच्या लग्नाचा खर्च त्याच्या वाट्यातून कापल्याचे मात्र आमच्या ऐकिवात नाही.

युझेफूफच्या हत्याकांडाशेजारी बहिणीचे हक्कसोडपत्र ठेवणे हा अतिरेक आहे, असेही कोणी म्हणेल. अपराध सारखे नाहीत, हे आम्ही स्वच्छ मान्य करतो. मात्र गप्प बसण्याची रीत तीच आहे. तेथेही प्रत्येकाने शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहिले आणि शेजारी गप्प आहे, म्हणून तो गप्प राहिला. शिवाय आपल्याला प्राण द्यावयाचे नाहीत, फक्त थोडा वाईटपणा घ्यावयाचा आहे. एवढ्या स्वस्तात मिळणारे धैर्यही आपल्याला महाग वाटत असेल, तर येगरश्टेटरच्या नावाने उसासे टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही.

वाचकहो, पुस्तके वाचणे थांबवू नका. मात्र यापुढे वाचताना नायकाला थोडा वेळ बाजूला ठेवा आणि गर्दीतला एखादा चेहरा निवडा. त्याला बोलता आले असते असा क्षण कोणता होता, आणि तो का बोलला नाही, ते शोधा. मग आपल्या घराण्यात पुढची सही होण्याची वेळ येईल तेव्हा मामाने, काकाने, निदान साक्षीदाराने तरी त्या मुलीला खोलीबाहेर एकटीला नेऊन विचारावे : "बाय, तुझ्या मनात काय आहे?" आणि उत्तर येईपर्यंत लेखणीला हात लावू नये.