चिठ्ठ्या, माईक आणि 'ते लोक'

परवा आमच्या व्याख्यानमालेच्या समितीची बैठक झाली. विषयांच्या यादीत चौथ्या नंबरावर पुन्हा तोच विषय: 'इस्लाम: काल, आज आणि उद्या'. वक्ते नवे, विषय जुना. मी म्हटलं, हा विषय या वर्षी नको. सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गणपतीत आरती नको म्हटलं. का नको, हे तिथे नीट सांगता आलं नाही. बैठकीत मला कधीच नीट बोलता येत नाही (घरच्यांना हे नवीन नाही). म्हणून इथे लिहितोय.

तर आधी आमच्या मालेविषयी. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेसारखं आमचं काही १८७५ पासूनचं, न्यायमूर्ती रानड्यांच्या हातचं घराणं नाही. उपनगरातली साधी माला, जानेवारीतले सात दिवस, शाळेचं पटांगण, वर मांडव, खाली सतरंज्या आणि मागे ज्येष्ठांसाठी खुर्च्या. मी वीसेक वर्षं खुर्च्या मांडतोय, त्यामुळे समितीत आहे. बोलावलेल्या वक्त्यांमध्ये दर दोन-तीन वर्षांनी एक 'इस्लामवाले' असतातच. त्या दिवशी गर्दी जास्त असते. खुर्च्या कमी पडतात, हे मी अनुभवाने सांगतो.

ही व्याख्यानं दोन जातींची असतात. पहिलीत वक्ता सोमनाथपासून सुरुवात करतो, बाबरावर पाणी पितो, फाळणीला घाम पुसतो आणि हंटिंग्टनच्या संस्कृतिसंघर्षावर येऊन थांबतो. मधे एकदा 'त्यांची मुलं सगळी मदरशात जातात' हे वाक्य येतं. सच्चर समितीने २००६ साली सांगितलं की शाळेच्या वयातली जेमतेम तीन-चार टक्के मुस्लिम मुलं मदरशात जातात. बाकीची म्युनिसिपालिटीच्या शाळेत, नाहीतर कुठेच नाही. पण हा आकडा सांगितला तर टाळ्या पडत नाहीत.

दुसऱ्या जातीत वक्ता शेख महंमद श्रीगोंदेकरांपासून सुरुवात करतो, 'योगसंग्राम' सांगतो, कबीर येतो, सुफी येतात, दर्ग्यावर जाणारे हिंदू येतात आणि शेवटी सगळे एकाच मातीतले, असं म्हणून शाल-श्रीफळ होतं. हे सगळं खरंच आहे हो. शेख महंमदांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण सोळाव्या-सतराव्या शतकातला एक संत दाखवून आजच्या माणसाचे सगळे प्रश्न बाजूला सारायचे, हीसुद्धा एक चलाखीच.

दोन्हींत एक गोष्ट समान. समोर बसलेल्यांत मुसलमान नसतात. 'ते' म्हणजे कोण हे सगळ्यांना माहीत असतं आणि 'ते' तिथे नसतात. आणि इस्लाम एकच असतो. आमच्या गावातले बागवान, तांबोळी, आतार, पिंजारी, मोमीन, शिकलगार, ज्यांतले कित्येक ओबीसी यादीत आहेत, ते त्या व्याख्यानात कुठेच सापडत नाहीत. कोकणातले मुसलमान शाफई आणि घाटावरचे बहुतेक हनफी, एवढा साधा फरकही आजवर एकाही वक्त्याने सांगितलेला मला आठवत नाही. 'हिंदू: काल, आज आणि उद्या' असं दीड तासाचं व्याख्यान कुणी ठेवलं तर आपणच म्हणू, अहो कोणते हिंदू? कुठले?

आणि हो, हायवेच्या पलीकडे त्यांचंही एक सभागृह आहे. तिथेही भाषणं होतात. मी दोनदा गेलोय. भाषण उर्दूत, विषय धर्म आणि विज्ञान, बायका पडद्याआड, प्रश्न नाहीत. इकडे 'ते' म्हणतात, तिकडे 'वो लोग' म्हणतात. तिथल्या एका काकांना मी विचारलं, पोटगीबद्दल कधी बोलतात का इथे? ते म्हणाले, ते घरातलं घरात मिटवायचं असतं. आपल्याकडच्या एखाद्या आजोबांनी शब्दन्‌शब्द हेच उत्तर दिलं असतं.

आता मूळ गोष्ट. ही सांगायला मला एवढी वर्षं लागली.

जानेवारी २००३. गुजरातची दंगल होऊन वर्ष व्हायचं होतं, अमेरिकेतले मनोरे पडून दीड वर्षही झालं नव्हतं. पटांगण ओसंडून वाहत होतं. वक्ते मोठे, पहिल्या जातीचे. मी बँकेतल्या माझ्या मित्राला घेऊन गेलो होतो. नाव लिहीत नाही, तो नको म्हणाला. सातारा जिल्ह्यातला, मराठी शाळेत शिकलेला, बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर. तो स्वतःच 'येतो' म्हणाला होता आणि मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. 'बघा, आमच्या मालेला मुसलमानही येतात' असं काहीसं. आज तो विचार आठवला की लाज वाटते.

व्याख्यान झालं. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या, अशी घोषणा झाली. चिठ्ठ्या गोळा करून निवडायचं काम माझं. तीसेक आल्या असतील. त्यात एक ओळखीच्या अक्षरातली होती, मित्राची. लिहिलं होतं: 'माझ्या बहिणीला नवऱ्याने रजिस्टर पत्राने तलाक पाठवला आहे. दोन मुलं आहेत. तिने पोटगीसाठी कोणत्या कोर्टात जावं?'

ती चिठ्ठी मी गठ्ठ्याच्या खाली सरकवली. आमचा नियम होता, वैयक्तिक प्रश्न घ्यायचे नाहीत. वर ठेवलेल्या चिठ्ठ्यांत 'लव्ह मॅरेजच्या नावाखाली होणारं धर्मांतर' होतं, 'पाकिस्तानचं भवितव्य' होतं, आणि एकाने चक्क 'औरंगजेबाच्या जागी दारा शुकोह आला असता तर?' असं विचारलं होतं. त्यावर वक्ते बारा मिनिटं बोलले. मग आभार झाले.

परत येताना स्कूटरवर तो मागे बसला होता. पुलाजवळ आल्यावर म्हणाला, "चिठ्ठी वाचलीस ना?" मी म्हटलं, "वेळ संपला रे." तो म्हणाला, "अरे, त्यांना येत नसेल तर नसेल. कुणाला तरी येत असेल म्हणून आलो होतो."

पुढचा भाग मला खूप उशिरा कळला. त्या प्रश्नाला उत्तर होतं, आणि अगदी ताजं होतं. सप्टेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॅनियल लतीफी खटल्यात सांगितलं होतं की १९८६ च्या कायद्याने नवऱ्याची सुटका इद्दतच्या तीन महिन्यांपुरत्या पैशांवर होत नाही. त्या मुदतीच्या आत त्याने बायकोच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तजवीज करायची आणि ती केली नाही तर तिने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा. मे २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठाने म्हटलं की 'मी तलाक दिला' असं नवऱ्याने नुसतं सांगून भागत नाही. कारण होतं आणि दोन्हीकडच्या माणसांनी समेटाचा प्रयत्न केला होता, हे त्याला सिद्ध करावं लागेल. ऑक्टोबर २००२ मध्ये शमीम आरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं. म्हणजे ते रजिस्टर पत्र हा तलाक होता की नुसता कागद, हाच पहिला प्रश्न होता.

तेरा महिन्यांत तीन निकाल. त्यातला एक आपल्या महाराष्ट्रातला. आणि 'इस्लामपुढील आव्हाने' या दीड तासात त्यातला एकही आला नाही. शहाबानो मात्र आली होती. ती नेहमीच येते. १९८५ चा निकाल आणि राजीव गांधींचा कायदा, एवढं आलं की वक्त्याचं काम झालं. १७९ रुपये वीस पैसे महिना, एवढ्या पोटगीवरून तो सगळा देश पेटला होता, हे कुणी सांगत नाही. म्हातारीच्या भाजीचे पैसे होते ते.

मित्राच्या बहिणीचं काय झालं? दीड वर्षाने एका वकिलाने त्यांना हे सगळं समजावलं. तोवर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून पाच हजारांत मिटवून टाकलं होतं, कागदावर तिची सही घेऊन. ती आता शिवणकाम करते. मुलं शिकली. बरं चाललंय, असं तो म्हणतो.

त्या चिठ्ठीने सगळं बदललं असतं, असं मी म्हणत नाही. ती वाचली असती तरी वक्त्यांना उत्तर आलं नसतं कदाचित. पण मांडवात दोन वकील बसले होते, मी त्यांना ओळखत होतो. त्यांच्यातला एक उठला असता.

हमीद दलवाईंचं नाव दोन्ही जातींचे वक्ते घेतात, म्हणून त्यांच्याविषयी थोडं. पहिल्या जातीचे दलवाई अर्धेच वाचतात, मुसलमान नेतृत्वावर कोरडे ओढणारे. हिंदू पुनरुज्जीवनवाद्यांना त्यांनी काय सुनावलं ते पान आलं की चश्मा सापडत नाही. दुसऱ्या जातीचे नाव घेतात आणि लगेच विषय बदलतात, कारण कुणाचं तरी मन दुखावेल. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या या माणसाने १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा काढला. सातच. तोंडी तलाक बंद करा, हेही मागायला. त्या सातांत मेहरुन्निसा दलवाई होत्या. मग २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. १९७७ साली, पंचेचाळिशीही गाठण्याआधी ते गेले. मंडळाचं काम म्हणजे काय, तर तलाक मिळालेल्या बायका यायच्या, त्यांची कागदपत्रं पाहायची, त्यांच्याबरोबर जायचं. दलवाई व्याख्यानंही देत होते, भरपूर देत होते, पण ज्यांच्याविषयी बोलायचं त्यांच्यासमोर उभं राहून, शिव्या खात. आमच्या मांडवात त्यांच्या नावावर टाळ्या घेणं त्यामानाने सोपं आहे.

२२ ऑगस्ट २०१७ ला तिहेरी तलाक रद्द झाला, पाच न्यायमूर्ती, तीन विरुद्ध दोन. त्यानंतरच्या जानेवारीत आमच्याकडे त्यावर व्याख्यान झालं. पाच न्यायमूर्तींचे पाच धर्म कोणते, हे वक्त्याने दोनदा सांगितलं. २०१९ चा कायदा आला, तीन वर्षांपर्यंत कैद. त्यावरही व्याख्यान झालं, एकाने विजय म्हटलं, पुढच्या वर्षी दुसऱ्याने अन्याय म्हटलं. नवरा तुरुंगात गेला तर महिन्याचे पैसे कोण देणार, हे मी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. चिठ्ठ्या तेव्हा दुसरा कुणी निवडत होता :) जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की घटस्फोटित मुस्लिम बाई सगळ्यांसाठी असलेल्या पोटगीच्या कलमाखालीही मागू शकते. यावर आजवर आमच्याकडे अवाक्षर नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग दहशतवादावर बोलायचंच नाही का? जमातवादावर, मुल्लांच्या राजकारणावर? बोला की. ज्याने त्या केसेस लढवल्या, तपास केला, त्याला बोलवा. शेषराव मोऱ्यांची पुस्तकं वाचून त्यांच्याशी भांडायचं तर भांडा, पण भांडायला समोर कुणीतरी असू दे. माझी तक्रार कडक बोलण्याविषयी नाही. पाठीमागे बोलण्याविषयी आहे.

आमचे मामेभाऊ म्हणतात, तू फक्त त्यांच्याच बायकांची काळजी करतोस. तर दादा, आपल्याकडचंही सांगतो. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क १९९४ साली मिळाला, देशभर २००५ साली. त्यावर आम्ही एकदाच व्याख्यान ठेवलं. अर्ध्यातच खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या. आत्याला आठवत असेल, ती शेवटपर्यंत बसली होती आणि घरी जाताना एक शब्द बोलली नाही. आपल्या घरातल्या वाटण्या कशा झाल्या हे इथे लिहीत नाही.

असो. बैठकीत मी दुसरा विषय सुचवला. 'पोटगी: अर्ज कुठे आणि कसा करायचा', सर्व धर्मांच्या बायकांसाठी, एक वकीलबाई, रविवारी दुपारी चार वाजता, पटांगणाऐवजी शाळेच्या वर्गात. चिठ्ठ्या नाहीत, माईक फिरवायचा. ज्याला सगळ्यांसमोर विचारायचं नसेल त्याच्यासाठी बाजूच्या वर्गात टेबल. अध्यक्ष म्हणाले, हे व्याख्यान झालं का? हा तर मदतकक्ष झाला. खजिनदार म्हणाले, गर्दी होणार नाही. दोघांचंही बरोबर आहे. शेवटी 'इस्लाम: काल, आज आणि उद्या' चौथ्या दिवशी कायम राहिला आणि माझा रविवार 'मुख्य मालेबाहेर, खर्च सुचवणाऱ्याने करावा' या अटीवर मंजूर झाला.

मित्राला फोन केला. तो आता निवृत्त आहे, साताऱ्याला असतो. जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, बहिणीला विचारतो, ती आली तर शेजारपाजारच्या चार-पाच जणींना घेऊन येईल, एसटी किती वाजता सुटते बघ.

कौटुंबिक न्यायालयात किंवा मॅजिस्ट्रेट कोर्टात पोटगीच्या केसेस प्रत्यक्ष चालवणाऱ्या, मराठीत सोपं बोलणाऱ्या वकीलबाई कुणाच्या ओळखीच्या असतील तर मला कळवा. मानधन फार देता येणार नाही. येण्याजाण्याचा खर्च आणि जेवण आमच्याकडे.