स्ट्रेचर ढकलणार कोण?

मे २०१८ मध्ये आपल्या घाटी रुग्णालयातले एक छायाचित्र देशभर गाजले. शस्त्रक्रिया झालेल्या बापाजवळ सात वर्षांची मुलगी सलाईनची बाटली उंच धरून उभी होती. ओरड झाली, तेव्हा 'बाटली काही क्षणच धरली होती' असा खुलासा प्रशासनाने केला. हा खुलासा शंभर टक्के खरा मानू. पण प्रश्न त्या काही क्षणांचाच आहे! ऑपरेशन डॉक्टरांचे, वॉर्ड परिचारिकेचा. या दोहोंच्या मधल्या वाटेवर रुग्ण कोणाचा?

मराठवाड्यातला गोरगरीब, शेतमजूर, ऊसतोड कामगार शेवटी घाटीचीच पायरी चढतो. बीड, जालना, परभणीहून रेफरची चिठ्ठी घेऊन येतो. दारात उतरला की स्ट्रेचर शोधायला नातेवाईक धावतात आणि ढकलतातही तेच. अडाणी प्रेमाने ढकलतात, पण मणक्याला मार लागलेला माणूस कसा उचलायचा, हे त्यांना कोण शिकवणार? अशा माणसाला पाठ-मान सरळ ठेवून चौघांनी एकदम उचलावे लागते. बाटली खाली आली तर रक्त नळीत उलटे चढते. मोडलेल्या मांडीला फरशीचा प्रत्येक सांधा कळतो. बाळंतिणीच्या अंगावर चादर नसेल तर तिच्या लाजेचे काय? आणि 'आता एक्स-रेला नेतोय' एवढे वाक्य रुग्णाला सांगायला तर पैसाही लागत नाही.

हे उपकार नव्हेत, हक्क आहे. पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर १९९२ साली रेल्वेतून पडला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून त्याला परत पाठवले. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये २५ हजारांची भरपाई दिली. प्राथमिक केंद्रातून मोठ्या रुग्णालयात नेण्यासाठी साधने व कर्मचारी असलेली रुग्णवाहिका हवी, असेही बजावले. वेळेवर उपचार न देणे म्हणजे कलम २१ चा भंग, आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही, हे न्यायालयाने तेव्हाच सांगून टाकले.

महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी १०८ ची मोफत सेवा सुरू झाली. गर्भवतीला घरून नेणे आणि बाळंतपणानंतर घरी सोडणे मोफत, ही केंद्राची योजना २०११ ची. कागदावर रस्त्याचा प्रवास बराच सुटला. रुग्णालयाच्या दारापासून खाटेपर्यंतचा तेवढा कोणाच्याच खात्यात नाही.

तो का नाही? कारण रुग्ण उचलणे हे आपल्या समाजात 'हलके' काम! मलमूत्राने भरलेल्या देहाला हात लावायचा कोणी, हे इथे जातीने ठरवून ठेवले आहे. म्हणून चतुर्थश्रेणीची कायम भरती टाळायची, ठेकेदार आणायचा, आणि त्याच्याकडे तुटपुंज्या पगारावर पुन्हा आपलीच पोरे राबवायची. प्रशिक्षण नाही, उद्याची शाश्वती नाही. नातेवाईक त्यांच्यावर खेकसतात, तेव्हा गरीब गरिबाशी भांडत असतो आणि व्यवस्था सुखरूप राहते.

विनयपिटकात अतिसाराने स्वतःच्याच मळात पडलेल्या एका भिक्खूची हकिगत आहे. तथागतांनी आनंदाच्या मदतीने त्याला धुतले. मग तथागतांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायाकडून उचलून त्याला मंचकावर निजवले. उचलण्याचे काम शास्त्याने दुसऱ्यावर ढकलले नाही.

आता कार्यकर्त्यांनी करायचे ते असे. माहितीच्या अधिकारात, २००५ च्या कायद्याखाली, आपल्या जवळच्या सरकारी रुग्णालयाला विचारा: चालू स्थितीतली स्ट्रेचर व चाकाच्या खुर्च्या किती, सलाईन स्टँड लावलेली किती, रात्रपाळीला कक्षसेवक किती, त्यांतले ठेक्यावरचे किती, आणि त्यांना रुग्ण हलवण्याचे प्रशिक्षण शेवटचे कधी दिले? तीस दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील करा. उत्तर आले तर त्याची प्रत अभ्यागत समितीच्या टेबलावर ठेवा.