सारायेव्होचा इतिहास पुलावर संपत नाही

१/ सारायेव्होला जाणारा जवळजवळ प्रत्येक पर्यटक लॅटिन पुलापाशी थांबतो. २८ जून १९१४ रोजी याच पुलाच्या टोकाशी एकोणीस वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांच्यावर गोळ्या झाडल्या. छायाचित्र काढले जाते, इतिहास 'पाहून झाला' असे मानले जाते आणि उरलेला दिवस डोंगरावरच्या सहलीसाठी राखला जातो. #थ्रेड #इतिहास

२/ 'इतिहास शहरात, निसर्ग डोंगरावर' ही वाटणी अनेक शहरांत चालून जाते. सारायेव्होत ती चालत नाही. डोंगर वगळून या शहराचा इतिहास वाचणे म्हणजे बखरीची निम्मी पाने फाडून ती वाचणे होय.

३/ प्रथम भूगोल. मिल्याच्का नदीच्या अरुंद खोऱ्यात हे शहर लांबट पसरले आहे. दक्षिणेला अगदी खेटून सुमारे १,६०० मीटर उंचीचा त्रेबेविच, त्याच्या पलीकडे याहोरिना. नैऋत्येला इगमान आणि २,०६७ मीटरचा ब्येलाश्निका. वस्ती उतारांवर चढत गेलेली. कित्येक गल्ल्यांच्या टोकाला डोंगरच दिसतो.

४/ पंधराव्या शतकात उस्मानी सुभेदार इसा-बेग इशाकोविच याने या नगराचा पाया घातला. बाश्चार्शिया ही जुनी बाजारपेठ, सोळाव्या शतकातील गाझी हुसरेव-बेग मशीद, जुने ऑर्थोडॉक्स चर्च, यहुद्यांचे जुने प्रार्थनामंदिर आणि कॅथलिक कॅथेड्रल ही सारी काही मिनिटांच्या चालीत भेटतात.

५/ १८७८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचा अंमल आला. १८९५ मध्ये विजेवरची ट्राम धावू लागली आणि १८९६ मध्ये 'व्हियेच्निका' हे नगरभवन उभे राहिले. आजही एकाच रस्त्यावरून चालताना उस्मानी दुकाने संपतात आणि व्हिएन्नाच्या धाटणीच्या इमारती सुरू होतात.

६/ युवराज त्या दिवशी याच नगरभवनातील स्वागत आटोपून निघाला होता. त्याची मोटार चुकीच्या वळणावर गेली, ही कथा शेकडो वेळा सांगितली गेली आहे. घटनेचे महत्त्व वादातीत आहे. परंतु केवळ तीच सांगितल्याने सारायेव्हो हे दुसऱ्यांच्या इतिहासाचे नेपथ्य ठरते. साम्राज्ये दिसतात, सैन्ये दिसतात. शहरात राहणारी माणसे दिसत नाहीत.

७/ ती माणसे डोंगरावर दिसतात. फेब्रुवारी १९८४ मध्ये येथे हिवाळी ऑलिंपिक भरले. ब्येलाश्निका आणि याहोरिनावर उतारावरच्या स्की-शर्यती, इगमानवर स्की-उड्या, त्रेबेविचवर बॉबस्लेची सिमेंटची घसरवाट. ब्येलाश्निकावरच युरे फ्रान्को याने युगोस्लाव्हियाला हिवाळी ऑलिंपिकमधील पहिले पदक, रौप्य, मिळवून दिले.

८/ आठ वर्षांनी तेच डोंगर शत्रूच्या हाती गेले. एप्रिल १९९२ पासून फेब्रुवारी १९९६ पर्यंत, १,४२५ दिवस, बॉस्नियन सर्ब सैन्याने शहराला वेढा घातला. त्रेबेविचच्या उतारांवरून तोफा आणि नेमबाज खालच्या रस्त्यांवर मारा करीत. बॉबस्लेची घसरवाट हे तोफखान्याचे ठाणे झाले. गल्लीच्या टोकाला डोंगर दिसणे याचा अर्थच बदलला: जिथून डोंगर दिसतो, तिथे नेमबाजाला माणूस दिसतो.

९/ ऑगस्ट १९९२ मध्ये व्हियेच्निका तोफगोळ्यांनी पेटली. ती तेव्हा राष्ट्रीय ग्रंथालय होती. लाखो ग्रंथ जळाले. २०१२ मध्ये शहराच्या मुख्य रस्त्यावर वेढ्यातील मृतांसाठी ११,५४१ रिकाम्या लाल खुर्च्या मांडल्या गेल्या. वेढा घालणाऱ्या सैन्याचा सेनानी स्तानिस्लाव गालिच याला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने नागरिकांमध्ये दहशत पसरवण्याच्या गुन्ह्यासह दोषी ठरवले. २००६ मध्ये अपिलात जन्मठेप झाली.

१०/ तरीही डोंगर केवळ मारेकरी नव्हता. १९९३ मध्ये विमानतळाच्या धावपट्टीखालून सुमारे ८०० मीटरचा बोगदा खणला गेला. माणसे वाकून त्यातून पलीकडे जात आणि तिथून इगमानचा घाट चढत. धान्य, औषधे, शस्त्रे त्याच वाटेने आली. एका डोंगराने शहराची कोंडी केली. दुसऱ्याने श्वास चालू ठेवला.

११/ म्हणूनच त्रेबेविचची रोपवे ही केवळ करमणूक नाही. १९५९ मध्ये सुरू झालेली ही रोपवे युद्धात नष्ट झाली आणि ६ एप्रिल २०१८ रोजी पुन्हा धावली. तारीख सहज निवडलेली नव्हती. १९४५ मध्ये याच दिवशी शहर नाझींच्या ताब्यातून मुक्त झाले होते, आणि १९९२ च्या वेढ्याची आठवणही याच दिवशी जागवली जाते.

१२/ यावर एक आक्षेप रास्त आहे. तिथल्या कुटुंबांना रविवारी डोंगरावर शिदोरी सोडायची असते. परक्याने प्रत्येक झाडामागे तोफ का शोधावी? युद्धाचेच पर्यटन करणे हीसुद्धा शहराची विटंबना होय. मात्र जिथे एकेकाळी भूसुरुंग पेरले होते तिथे मुले खेळतात, हे समजण्यासाठी सुरुंग ठाऊक असावे लागतात. सहलीचे मोल इतिहासामुळे वाढते, घटत नाही.

१३/ शिवाय हा इतिहास अजून मिटलेला नाही. १९९५ च्या डेटन करारातील अंतर्गत सीमारेषा त्रेबेविचवरूनच जाते. तिच्या दोन बाजूंना त्याच युद्धाची स्मृती वेगवेगळी सांगितली जाते. रंगीत चित्रांनी भरलेल्या घसरवाटेवर केवळ छायाचित्र काढून परतणाऱ्याला ही रेषा दिसत नाही, आणि न दिसणारी रेषाच विसराळूपणाच्या सर्वाधिक कामी येते.

१४/ तेव्हा इतिहासप्रेमीने क्रम उलटा करावा. आधी त्रेबेविचवर जावे आणि खाली पाहावे. शहर किती जवळ, किती उघडे आहे, हे कोणत्याही ग्रंथाहून तिथे लवकर कळते. मग उतरून बाजारपेठ, व्हियेच्निका आणि रस्त्यांवरचे लाल भरावाचे तोफगोळ्यांचे व्रण पाहावेत. लॅटिन पूल शेवटी पाहावा. तो लहान वाटेल, आणि तसा तो वाटायलाच हवा.