पाच हजार वॉटचे खोके आणि आपल्या घरातले गाणे

सोयाबीन विकून पैसे हाती आले, की घरात मागण्यांची रांग लागते. कुणाला सायकल हवी असते, कुणाला मिक्सर, आणि हल्ली पोरांना हवे असते ते गाण्याचे खोके. आठवडी बाजारात आणि मोबाईलवरच्या जाहिरातींत अशी खोकी ओळीने दिसतात. रंगीत दिवे लुकलुकत असतात आणि पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत '५००० वॉट' छापलेले असते. असे खोके हप्त्याने घ्यावे का, यावर पुष्कळ घरांत वाद चालतो. पैसे मोजण्याआधी हे पान घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावे. ज्याच्या किंवा जिच्या हाती घरखर्चाची पिशवी आहे, त्यांनी तर जरूर.

पोरांची हौस वावगी आहे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. आज सारे गाणे मोबाईलमध्ये आहे. अभंग, नाट्यगीते, लावण्या, सिनेमातली गाणी, काय म्हणाल ते. पण मोबाईलच्या शर्टाच्या बटणाएवढ्या स्पीकरमधून पखवाज येत नाही. टाळ कचकच वाजतात, गवयाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा येतो आणि मृदंगाचा घुमारा कुठल्या कुठे जातो. घुमारा यायचा तर पुष्कळ हवा हलावी लागते. ती हलवायला स्पीकरचा मोठा कागदी पडदा लागतो आणि तो पडदा ढकलायला बळ लागते. मोबाईलच्या हेडफोनच्या भोकातून जो विजेचा इशारा येतो, तो जेमतेम एखाद्या व्होल्टचा असतो. त्याला बळ देणारे यंत्र म्हणजे पॉवर ॲम्प्लिफायर. डाव्या आणि उजव्या स्पीकरसाठी त्यात दोन वेगळे मार्ग असले, की तो स्टिरिओ झाला.

आता त्या पाच हजार वॉटचे पाहू. वॉट म्हणजे विजेचे बळ मोजण्याचे माप. आपल्या विहिरीवरची ५ अश्वशक्तीची मोटर सुमारे ३७०० वॉटची असते. म्हणजे हे खोके मोटरीपेक्षा जोरकस ठरले! दुकानदाराला एवढेच सांगा, की खोके उलटे करून त्याच्या पाठीवरची पट्टी दाखव. किंवा सोबतच्या ॲडॉप्टरवरची बारीक अक्षरे वाचा. तिथे '१२ व्होल्ट, २ अँपिअर' असे काही असेल, तर बाराला दोनने गुणा. आले चोवीस वॉट. खोक्यात एकूण वीजच चोवीस वॉट जाते. त्यातून पाच हजार कुठून निघणार? आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. 'पीएमपीओ' नावाचा जो आकडा छापतात, तो डोळ्याचे पाते लवण्याइतक्या वेळाचा, तोही बनवणाऱ्याच्या मर्जीने धरलेला असतो. त्याला कुठलेच ठरलेले माप नाही. असली फुगवाफुगवी सगळीकडे चालते. अमेरिकेत तर १९७४ साली सरकारला नियम करावा लागला, की घरगुती ॲम्प्लिफायर सलग किती वॉट देतो तेच जाहिरातीत सांगा. आपण 'आरएमएस' अक्षरांपुढचा आकडा विचारावा आणि तोही पाठीवरच्या पट्टीशी ताडून पाहावा.

मग घरात ऐकायला खरे किती वॉट लागतात? इथे बहुतेकांना आश्चर्य वाटेल. साधारण बऱ्या घरगुती स्पीकरला एक वॉट दिला, तर एक मीटरवर ८८ डेसिबलच्या आसपास आवाज होतो. आपण दोघे समोरासमोर बसून बोलतो तो आवाज ६० डेसिबलच्या घरातला. म्हणजे एका वॉटमध्येच माजघर भरते. बाकीचे वॉट लागतात ते ढोलकीची थाप किंवा गवयाची वर चढलेली तान न फाटता यावी म्हणून. आणखी एक गंमत ध्यानात घ्या. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला थोडासा फरक कळतो इतकेच. आवाज कानाला दुप्पट वाटायचा तर वॉट दहापट करावे लागतात. म्हणून १५ वॉटच्या ठिकाणी ३० वॉटचे यंत्र घेण्यासाठी दुप्पट पैसे मोजणे आम्हाला पटत नाही. दर बाजूला खरे १५ वॉट असले, की शेतकऱ्याच्या घराला भरपूर झाले.

असे १५ वॉट आज फार स्वस्तात मिळतात. 'टीपीए ३११६' नावाची एक चिप आहे, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीची. ती बसवलेला तळहाताएवढा तयार बोर्ड डीएपीच्या एका पोत्याच्या किमतीच्या आत येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत असा माल असतो, आणि पोस्टानेही मागवता येतो. जुन्या जातीचे ॲम्प्लिफायर निम्म्या उघडलेल्या कॉकासारखे चालत. पाणी अडवण्यातच बराच जोर वाया जाई, म्हणून ते तापत आणि त्यांना ॲल्युमिनियमची जड पंखेदार पाटी लागे. ही चिप कॉक सेकंदात लाखो वेळा पुरा उघडते आणि पुरा मिटते. अधलेमधले काही नाहीच. त्यामुळे वीज फारशी वाया जात नाही.

जाहिरातीत या बोर्डावरही '५०+५० वॉट' लिहिलेले असते. ते खोटे नाही, पण अर्धेच सांगितलेले आहे. एवढे बळ मिळायला २१ व्होल्टचा पुरवठा आणि ४ ओहमचे स्पीकर लागतात. १२ व्होल्टवर हाच बोर्ड ४ ओहमच्या स्पीकरला दर बाजूला १५ वॉटच्या आसपास देतो, ८ ओहमच्या स्पीकरला आठेक. आम्ही मात्र तुम्हाला १२ व्होल्टवरच चालवा असे सांगू. कारण १२ व्होल्टची बॅटरी आपल्या घरात आहे.

फवारणीच्या चार्जिंग पंपात काय असते? १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची बॅटरी. हे यंत्र घरगुती आवाजात चालताना सरासरी ८-१० वॉटसुद्धा ओढत नाही. हिशोबाने ती बॅटरी दहा तास पुरेल. पण शिशाची बॅटरी तळापर्यंत उपसली की लवकर मरते, म्हणून पाच तासांवर थांबावे. भारनियमनाच्या रात्री पाच तास गाणे म्हणजे काही थोडे झाले नाही. इथे एक गोष्ट विसरू नका. पंपाला औषधाचा अंश लागलेला असतो. पंप घरात आणू नका. बॅटरी बाहेरच काढा, ओल्या फडक्याने पुसा, हात साबणाने धुवा. खरे तर अशी एक बॅटरी वेगळीच घेऊन ठेवलेली बरी, घरात लेकरे असतात. इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीवरून तार घ्यायची असेल तर वायरमनकडूनच घ्या. कुठलीही बॅटरी असो, तिच्या अधिकच्या टोकाजवळ ५ अँपिअरचा फ्यूज हवाच. तारा एकमेकींना टेकल्या तर बॅटरी क्षणात तार लाल करते, आणि आपल्या घरात कडबा, कापूस, गोणपाट काय काय पडलेले असते. अधिक-उणे उलटे लावले तर बोर्ड जागच्या जागी संपतो. पहिल्यांदा लावताना तारांना लाल-काळी चिकटपट्टी गुंडाळून ठेवा.

वाचलेले पैसे स्पीकरला घाला, असे आमचे स्पष्ट मत आहे. गाण्याची गोडी ॲम्प्लिफायरपेक्षा स्पीकरमध्ये जास्त आहे. त्यातही आधी माळ्यावर चढून पाहा. टेपरेकॉर्डर आणि व्हीसीडीच्या दिवसांतल्या लाकडी पेट्या पुष्कळ घरांत पडून आहेत. यंत्र बिघडले, पण पेट्या शाबूत असतात. पेटीमागे ४ किंवा ८ ओहम लिहिलेले असले तर चालेल. पडद्याभोवतीची फोमची कडा हाताला भुसभुशीत लागली तर स्पीकर बदलावा लागेल. उंदराने तार कुरतडली असेल तर नवी जोडा, डाग द्या, झाले. महागड्या 'स्पीकर वायर'च्या नादी लागू नका. घरच्या फिटिंगची १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वीस फुटांपर्यंत उत्तम काम देते.

जोडताना दोन गोष्टी पाळा. या जातीच्या बोर्डात दोन्ही स्पीकरच्या उणे तारा एकमेकींना जोडायच्या नसतात. जुन्या यंत्रांत ते चाले, म्हणून एखादा जुना मेकॅनिक सवयीने तीन तारांत काम उरकतो आणि बोर्ड जळतो. चार तारा म्हणजे चारच तारा. दुसरे असे, की दोन्ही स्पीकरचे अधिक-उणे सारखे लागले पाहिजेत. एक उलटा लागला तर एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो. घुमारा विरतो आणि गवयाचा आवाज नेमका कुठून येतो ते कळेनासे होते. पेटीवर खूण नसेल तर दीड व्होल्टचा घड्याळातला सेल घ्या आणि स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवा. पडदा बाहेर आला तर सेलच्या अधिकला टेकलेली तार ती अधिक. मुलांना हा प्रयोग करायला द्या, शाळेतल्यापेक्षा जास्त लक्षात राहील.

पेट्या कोपऱ्यात जमिनीवर टाकू नका. बसल्यावर कान जिथे येतो तेवढ्या उंचीवर ठेवा, दोघींत सहा-सात फूट अंतर, आणि आपण समोर तितक्याच अंतरावर. शहाबादी फरशी आणि वर पत्रा असेल तर आवाज घुमून शब्द कळत नाहीत. खाली गोधडी अंथरा, मागच्या भिंतीला एखादी टांगा. फरक त्याच संध्याकाळी कळेल. घरातल्या वडीलधाऱ्यांना कमी ऐकू येत असेल तर आवाज वाढवत नेऊ नका. वयाबरोबर बारीक आवाज आधी कमी होतात, म्हणून त्यांना शब्द कळत नाहीत. त्यांची बाज पेटीजवळ सरकवा, आणि मोबाईलमध्ये 'ट्रेबल' थोडा चढवून द्या.

ज्यांना बॅटरीऐवजी घरच्या विजेवरच चालवायचे आहे, त्यांनी १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा ॲडॉप्टर घ्यावा, पण त्यावर '१००-२४० व्होल्ट' लिहिलेले पाहून. संध्याकाळी मोटरी सुरू झाल्या की आपल्याकडे दिवा मिणमिणतो, तेव्हाही असा ॲडॉप्टर तग धरतो. रोहिणी-मृगाच्या वळवात आभाळ गडगडू लागले, की पिन भिंतीतून काढून टाका. नुसते बटण बंद करून भागत नाही.

पोरांना मात्र हेही सांगून ठेवा, की ही पेटी अंगणात लग्नाची वरात नाचवायला नाही. जोर करून आवाज पूर्ण चढवला तर आवाज फाटतो आणि स्पीकरचा बारीक भोंगा आधी जळतो. शिवाय २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. घरात ऐकायला कुणाची ना नाही.

सगळे जोडून झाले आणि आजोबांनी गीतरामायण लावायला सांगितले, तर डावे-उजवे काही वेगळे ऐकू येणार नाही. बोर्ड बिघडला असे समजू नका. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून ते घराघरांत पोचले तेव्हा आवाज एकाच मार्गाचा असे, आणि त्या काळची बहुतेक ध्वनिमुद्रणे तशीच आहेत. दोन्ही पेट्यांतून तेच येते, आणि आवाज बरोबर दोघींच्या मधून, कुणी समोर बसून गावे तसा येतो. तसा आला, तर जोडणी बरोबर झाली आहे.